पवनपुत्र कंपनीचे हिस्सेदार

सन छत्तीसच्या माघात बिरसीच्या अनुसयाबाईला जेवण जाईना आणि झोपही येईना. आजार म्हणावा तर तसं काही नव्हतं. उलट तिच्या तोंडावर असं तेज चढलं होतं, की शेजारची देवकाबाई एकदा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली. अनुसयाबाईला ताप नव्हता, ती वाट बघत होती. तिच्यासोबत गावातली आणखी अठरा माणसं वाट बघत होती, आणि सगळी एकाच गोष्टीची. पवनपुत्र यंत्र कंपनीचं नाव नागपूरच्या वर्तमानपत्रात कधी छापून येतं, याची.

झालं होतं असं. पौषात मळणी आटोपली, खळ्यावर धानाच्या राशी पडल्या, आणि वारा जो गेला तो गेलाच. तिवईवर चढून, सूप डोक्यावर धरून धान ओतायचं. दाणा खाली पडतो, भुसा वारा घेऊन जातो. पण त्यासाठी वारा असावा लागतो. नऊ दिवस पळसाचं पान हललं नाही. तिवईवर उभी राहून राहून अनुसयाबाईच्या पोटऱ्यांना गोळे आले. दहाव्या दिवशी गोंदियाच्या वाटेनं एक बैलबंडी आली. बंडीत उंटासारखं कुबड असलेलं एक सागवानी धूड होतं आणि धुडाला टेकून ईश्वरदास मिस्त्री बसला होता.

ईश्वरदास रेल्वेत बारा वर्षं फिटर होता. ती नोकरी सोडून दोन वर्षं खपून त्यानं हे यंत्र उभं केलं होतं. आत चार लाकडी पाती, बाहेर सायकलीची साखळी आणि एक दांडा. दांडा फिरवला की तोंडातून वारा सुटायचा. तीन गावांतून त्याला लोकांनी हाकललं होतं. वारा सोडणं देवाचं काम, माणसानं त्यात हात घालू नये, असं तिथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं.

अनुसयाबाई तिवईवरूनच म्हणाली, "देवाले नऊ दिवस सवड नाई झाली. तू लाव तुझं यंत्र."

दुपारच्या जेवणाआधी तिची सगळी रास साफ झाली. शेवटची दोन सुपं राहिली तेव्हा ती खाली उतरली, यंत्राच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि मिस्त्रीला म्हणाली, फिरव. वारा तिच्या पदरात शिरला, पदर शिडासारखा फुगला, केसांत अडकलेला भुसा उडून गेला. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या बाईला असं हसू फुटलं, की खळ्यावरचे बैल माना वळवून बघायला लागले.

आठवड्याभरात कंपनी निघाली. तेंदूपत्त्याचा व्यापार करणारा गोंदियाचा दुलीचंद तिचा सेक्रेटरी झाला. हा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. त्याच्या गोदामामागच्या टपरीत कारखाना बसला. दहा रुपयांचा एक हिस्सा. हिस्सेदाराला गुलाबी कागद मिळायचा आणि कागदावर द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती असायचा. अनुसयाबाईनं बांधावरच्या पळसांची लाख विकून साठवलेल्या पैशांतून पाच हिस्से घेतले, आणि मग गप्प बसायचं सोडून ती घरोघर फिरली. देवकाबाईनं घेतला, शाळेतल्या श्यामलाल गुरुजींनी दोन घेतले, असं करत करत गावात एकोणीस हिस्सेदार झाले.

तिचा नवरा सेवकराम विसावा झाला नाही. तो म्हणाला, "लाख पलसावर लागते, कागदावर नाई लागत."

"तुमी पाहत राहा," ती म्हणाली.

"पाहूनच राहिलो. लगन झाल्यापासून पाहून राहिलो."

माघात नागपूरला शेतीचं प्रदर्शन भरलं. मिस्त्रीचं तेच पहिलं यंत्र रंगवून, खोक्यात घालून रेल्वेनं रवाना झालं. दुलीचंद बिरसीला आला आणि शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून म्हणाला, "देखो भाई, यंत्र चांगलं आहे, पण चांगलं असून कोणाला माहीत आहे? एक बार नागपूरच्या अखबारात नाव आलं, की समजा काम झालं. फिर तो ऑर्डर संभालता नहीं आएगी."

त्या दिवसापासून बिरसीत वर्तमानपत्राला जी किंमत आली, ती आधी कधी नव्हती. गुरुजींच्या नावानं अंक यायचा तो एक दिवस शिळा. तो आला, की हातातलं काम टाकून एकोणीस जण ओसरीवर हजर. गुरुजी पहिल्या ओळीपासून वाचायचे, कारण बातमी कुठल्या कोपऱ्यात असेल कोणी सांगावं. कापसाचे भाव, दिल्लीतली भाषणं, भंडाऱ्यात हरवलेला बैल, दम्यावरचं रामबाण औषध, सगळं. देवकाबाईला तर हरवलेल्या बैलाचा असा लळा लागला, की पवनपुत्राची बातमी नाही हे कळल्यावर ती विचारायची, "बरं, बैल तरी सापडला का?"

आणि वाट बघण्याचं कसं असतं, की बघता बघता माणसाला सगळीकडे खुणा दिसायला लागतात. अनुसयाबाईच्या अंगणात वावटळ उठली, तिनं शकुन मानला. कावळा ओरडला, तोही शकुन. रात्री तिला स्वप्न पडलं, की नागपूरच्या रस्त्यावर यंत्रं ओळीनं उभी आहेत आणि सगळ्या शहराचे पदर आणि धोतरं एकाच दिशेला फडफडत आहेत. सकाळी ते सांगताना तिला हसू आवरेना, आणि ऐकणाऱ्यांनाही आवरेना. गाव जणू मोहाच्या झाडाखालून चाललं होतं.

आठव्या दिवशी गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. प्रदर्शनाची बातमी होती. सगळे पुढं सरकले. गुरुजींनी वाचलं: बियाण्यांच्या जाती, संत्र्यांची मांडणी, एका कारखान्याचे लोखंडी नांगर, पाणी ओढायचे पंप. शेवटी एक वाक्य. "याखेरीज इतर यंत्रेही प्रेक्षणीय होती."

गुरुजींनी अंक खाली ठेवला.

देवकाबाईनं विचारलं, "इतर म्हंजे कोन?"

अनुसयाबाई उभी राहिली. "इतर म्हंजे आपन," ती म्हणाली. "नांगर झाला, पंप झाला. मग राहिलं कोन? आपनच तं राहिलो."

गुरुजींनी पुन्हा वाचून बघितलं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चूक नव्हती. "प्रेक्षणीय म्हणजे बघण्यासारखी," त्यांनी समजावलं, आणि मग काय विचारता. कोणी बत्ताशे आणले, कोणी डफ आणला. देवकाबाईनं 'इतर' हा शब्द कुठं आहे तो बोट ठेवून बघून घेतला, तिला अक्षर येत नव्हतं तरी. संध्याकाळपर्यंत गावात ज्यांचा हिस्सा नव्हता त्यांनीसुद्धा बत्ताशे खाल्ले. सेवकरामनं दोन खाल्ले आणि म्हणाला, "बत्ताशे बाकी चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी दुलीचंद सायकलवर आला. तो गप्प होता, आणि त्याचं गप्प असणं अनुसयाबाईनं पहिल्यांदाच बघितलं. यंत्र परत आलं होतं. नागपूरला त्याला तंबूच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ जागा मिळाली होती. दांडा फिरवून दाखवायला माणूस नव्हता. पाणी प्यायला आलेल्या लोकांनी त्यावर पेले ठेवले. रंगावर पेल्यांचे गोल डाग पडले होते.

"सात डाग," दुलीचंद म्हणाला. "म्हणजे सात जणांनी तर पाहिलंच."

मागून बंडीवर आलेलं यंत्र बिरसीतच उतरवून घेतलं, अनुसयाबाईच्या गोठ्यात. सगळे आपापल्या घरी गेले. ती एकटी त्याच्यापुढं बसली. ज्यांच्या दारात जाऊन ती बोलली होती ते अठरा चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. कोणी तिला शब्दानं टोचलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. मग तिनं उगाच दांडा फिरवला. वारा आला, गोठ्यातली गवताची काडी उडून गाईच्या पाठीवर बसली. तिला वाटलं, यात खोट नाही. खोट असेल तर आपण याला कुठं नेतो त्यात आहे. टाकीमागं वारा कोणाला दाखवायचा? जिथं माणसं जमतात, आणि जिथं त्यांना वाऱ्यावाचून जीव नकोसा होतो, तिथं हे न्यायला पाहिजे.

वैशाखात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या मुलीचं, प्रेमिलाचं लग्न होतं. नवरदेव वारासिवनीचा. त्याचे वडील रामलालजी म्हणजे दीडशे एकर धानाचे मालक. वऱ्हाड चारशेचं, त्यात बालाघाटचे, दुर्गचे, भंडाऱ्याचे पाहुणे. अनुसयाबाई सरळ मालगुजाराच्या वाड्यावर गेली. मालगुजारानं हिस्सा घेतला नव्हता आणि तो घेणारही नव्हता.

"तुमच्या मांडवात वारा घालते," ती म्हणाली. "पैसा नको. यंत्र फक्त समोर ठेवजो, सगळ्यांले दिसल असं."

मालगुजारानं बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, चारशे पाहुण्यांचा विचार केला, आणि हो म्हटलं.

मुहूर्त दुपारी साडेचारचा होता. मांडवावर जांभळीच्या फांद्या टाकल्या होत्या तरी खाली भट्टी पेटली होती. ईश्वरदासनं यंत्राला तेल घातलं, पेल्यांचे डाग पुसून काढले, आणि बाजूला टांगलेल्या फळ्यावर दुलीचंदनं मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलं. मिस्त्री हळूहळू दांडा फिरवायला लागला. मांडवात झुळूक सुटली. पंखे हलवणारे हात थांबले. वऱ्हाडी मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसून यंत्र दाखवायला लागली. अनुसयाबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं देवकाबाईचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या दोन बांगड्या वाढल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला, लोक उभे राहिले, आणि दुलीचंदला राहवलं नाही. समोर तीन-चार जिल्ह्यांचे लोक आणि यंत्राचा नुसता अर्धा जोर, हे त्याला सहन होईना. तो मिस्त्रीच्या कानाशी लागला, "जरा जोर लगाओ."

"साखळी धान उफणायच्या मोठ्या दातेरी चाकावर आहे," ईश्वरदास म्हणाला. "जोर केला तर मांडव जाईल."

"सरको," दुलीचंद म्हणाला आणि दोन्ही हातांनी दांडा त्यानंच घेतला.

भटजी 'सावधान' म्हणाले तेव्हा चारशे माणसांनी अक्षता टाकल्या. त्या नवरानवरीवर पडल्याच नाहीत. हवेतच वळल्या आणि पिवळ्या पावसासारख्या सगळ्याच्या सगळ्या वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांवर कोसळल्या. पौषापासून यंत्राच्या पोटात अडकलेला भुसा बाहेर आला आणि भटजींच्या उघड्या तोंडात गेला. अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून सुटला. रामलालजींचा फेटा सुटत सुटत मागच्या तीन माणसांना गुंडाळून बसला. शेवटी नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग उठलं, दोन गिरक्या घेतल्या आणि वर मांडवाच्या बांबूला जाऊन लटकलं.

दुलीचंदनं दांडा सोडला. बाशिंग उडणं हा केवढा अपशकुन, हे सांगायची गरज कोणालाच नव्हती. मालगुजाराचा चेहरा काळवंडला. अनुसयाबाईला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. बारीक, दाबलेलं, मग न दाबता येणारं. प्रेमिला हसत होती. नवरीनं मान खाली घालायची, डोळ्यांत पाणी आणायचं. पण अंतरपाट पडला होता, समोर नवरदेव केस उभे झालेला, मिशीत भुसा घेऊन उभा होता, आणि तिच्यानं राहवेना. तिचं बघून नवरदेव हसला. मग बायकांची बाजू फुटली, मग पुरुषांची. भटजी भुसा थुंकत हसले. हसता हसता लोक एकमेकांच्या खांद्यावर पडले, आणि त्या गदारोळात अक्षतांची दुसरी परात आली, माळा पडल्या, लग्न लागलं.

रामलालजी तेवढे हसले नव्हते. ते फेटा काखेत मारून यंत्राजवळ आले. वाकून आत बघितलं, पाती हातानं फिरवली, आणि मग वर बांबूला लटकलेल्या बाशिंगाकडं बघत राहिले. अनुसयाबाई धीर करून पुढं गेली.

"मामाजी, चूक झाली," ती म्हणाली. "हे लग्नासाठी नोहे. धान उफनाचं यंत्र आहे."

"धान?" रामलालजी म्हणाले. "फिर इथं काऊन लावलं?"

"कोनी पाहतच नव्हतं म्हनून."

रामलालजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कल सुबह धान आणा," ते म्हणाले. "आम्ही पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाच्या मागच्या मोकळ्या जागेत मालगुजाराच्या कोठीतलं धान, भुसा कालवून, ओतलं गेलं. वारा तसूभर नव्हता. अनुसयाबाईनं स्वतः दांडा धरला. एका बाजूला दाण्याची रास, दुसऱ्या बाजूला भुशाची, मधली रेघ अशी सरळ जणू कोणी सुतानं मारली. मग बाराती पुढं आले. जरीचे कोट काढून, धोतर खोचून, रांग लावून प्रत्येकानं दांडा फिरवून बघितला. दुर्गच्या एका लठ्ठ पाहुण्यानं तीनदा रांग धरली. तिसऱ्या वेळी त्याला ओळखून लोकांनी हाकललं. सगळं धान साफ झालं तेव्हा लोकांनी ते पुन्हा भुशात कालवलं, पुन्हा उफणलं, आणि वरातीची वेळ झाली तरी कोणी हलेना.

दुलीचंदजवळ कागद नव्हता. मागण्या त्यानं लग्नपत्रिकांच्या मागं लिहून घेतल्या. रामलालजींची तीन, बालाघाटची पाच, दुर्गची चार, भंडाऱ्याची दोन. चौदा. लिहिताना त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याच्या आयुष्यातली ही दुसरी वेळ.

वैशाख संपायच्या आत हे लग्न पाहुण्यांच्या तोंडानं तिन्ही जिल्ह्यांत पोचलं. तिरोड्याच्या बाजारात लोक सांगायला लागले, की बिरसीत एक यंत्र आहे, ते नवरदेव उडवतं. आमगावला नवरदेवासोबत घोडाही उडाला. माणसं चार-चार कोसांवरून यंत्र बघायला यायची आणि आधी विचारायची, बाशिंग कुठवर गेलं होतं. देवकाबाई त्यांना मांडवाचा बांबू दाखवायची. खरा बांबू केव्हाच चुलीत गेला होता, हा तिनं दुसरा उभा केला होता.

पावसाळाभर टपरीत करवती आणि रंधे चालले. ईश्वरदासनं हाताखाली दोन सुतार घेतले. पहिली यंत्रं कार्तिकात तयार झाली, आणि वारासिवनीहून रामलालजींचं पत्र आलं. गुरुजींनी वाचलं. यंत्रं पाठवावी, पण घरच्या बायका म्हणतात, मिस्त्री नको, आम्हाला शिकवायला ती दांडा फिरवणारी बाई पाठवा.

अनुसयाबाई आयुष्यात आगगाडीत बसली नव्हती. तिनं सेवकरामकडं बघितलं.

"आठ दिवस लागतीन," ती म्हणाली. "भाकर कोन टाकल?"

सेवकरामनं विडीचा झुरका घेतला. मग म्हणाला, "भाकर टाकीन मी. पन एक सांग. कंपनीचा एखादा हिस्सा शिल्लक आहे का?"

"दुलीचंद म्हनते, एकही नाई."

"बरं."

"माझ्यातला एक देते," ती म्हणाली. "पन आता बारा रुपये पडतीन."

"घरच्या मानसालेही?"

"तुमाले म्हनून बारा."

गोंदियाच्या स्टेशनात छोट्या गाडीच्या मालडब्यात तीन यंत्रं चढली. बाकीचे अठरा हिस्सेदार पोचवायला आले होते, आणि नवा विसावा हिस्सेदार भाकरीचं गाठोडं घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा होता. बालाघाटला गाडी बदलताना यंत्रं नीट उतरली का, हे तिनं स्वतः डोकावून बघितलं. मग खिडकीशी बसली. बाहेर पिकलेलं धान मैलोन् मैल पसरलं होतं, आणि गाडीच्या वेगानं आलेला वारा तोंडावर घेत ती एकटीच हसत होती.

वारासिवनीचं स्टेशन आलं तेव्हा फलाटावर सत्तर-ऐंशी बायका उभ्या होत्या, लुगडी नेसलेल्या, हातात सुपं घेतलेल्या. त्यात हिरव्या बांगड्यांची प्रेमिला सगळ्यांच्या पुढं होती. गाडी थांबायच्या आत त्यांनी डब्याला गराडा घातला. एकीनं खिडकीतून हात आत घालून तिचा दंडच धरला.

"ते बाशिंग उडवनारी बाई तूच का व?" तिनं विचारलं.

"होय, मीच," अनुसयाबाई म्हणाली. "आधी मले खाली तं उतरू दे."